हात लावायचा नकाशा

संग्रहालयात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. माणसांशी तिच्या डॉक्टरकीचा काही संबंध नव्हता. ती जुन्या वस्तूंवर उपचार करायची. किडलेली पेटी, भेगाळलेलं चामडं, पानं चिकटून वीट झालेली वही असलं काही आलं की ते थेट तळमजल्यावरच्या तिच्या खोलीत जायचं. खोलीत एक लांबलचक टेबल, खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक, भिंतीवर ओळीने टांगलेले ब्रश आणि हवेतला ओलावा मोजणारं एक गोल यंत्र. वीस वर्षांत आपल्या एकाही पेशंटने तक्रार केलेली नाही, असं ती हसून सांगायची.

एके सकाळी चार हमालांनी मिळून एक भली मोठी फळी तिच्या टेबलावर आणून ठेवली. अंध मुलांच्या शाळेतून आली होती. शाळा नव्या इमारतीत जाणार होती आणि जाताना तिने हा आपला सर्वांत जुना ऐवज संग्रहालयाला दिला होता: शहराचा नकाशा, डोळ्यांनी नव्हे तर बोटांनी वाचायचा. सत्तर वर्षांपूर्वी शाळेतल्या एका गुरुजींनी तो स्वतःच्या हातांनी घडवला होता, आणि ते स्वतःही जन्मापासून अंध होते. मोठे रस्ते जाड दोरीचे, गल्ल्या सुतळीच्या. नदीसाठी लोकरीचा रुंद पट्टा, बागेसाठी मऊ कापड. घरं कागदाच्या लगद्याची. पुलावर एकापुढे एक शिवलेली बटणं, म्हणजे बोट बटणांवरून चालायला लागलं की कळावं, खाली पाणी आहे. हे सगळं चिकटवलं होतं पिठाच्या खळीने.

कागद, लोकर, सुतळी, खळ. बुरशीसाठी कुणीतरी ताट वाढूनच ठेवलं होतं.

आणि बुरशी जेवायला बसलीही होती. साऱ्या नकाशावर पांढुरकी साय धरली होती. शाळेत नकाशाजवळ गेलं की मुलांना शिंका यायच्या, म्हणूनच मुख्याध्यापिकांनी तो बाहेर काढला होता. सोबतच्या पत्रात मात्र त्यांनी एक अट घातली होती: ‘नकाशा बरा करा, तुमच्याकडे ठेवा, पण मुलांच्या हाताला तो लागला पाहिजे. काचेत ठेवणार असाल तर परत पाठवा.’

संग्रहालयाचे संचालक, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, ते पत्र वाचून कपाळाला आठ्या घालत खाली आले.

“तीस वर्षं मी भिंतींवर ‘हात लावू नये’ असे फलक लावतोय,” ते म्हणाले. “आणि या बाई म्हणतात हात लावू द्या. घामट, तेलकट, ओले हात! म्हणजे बुरशीला रोज ताजं जेवण.”

“बघते काही जमतंय का,” डॉक्टरीणबाई म्हणाली.

“दोन महिने बघा. नाहीतर काचेची पेटी करायची, आणि ती नको असेल तर नकाशा ज्याचा त्याला परत.”

पण तिला त्या क्षणी वेगळंच कोडं पडलं होतं. बुरशी सगळीकडे पातळ होती, फक्त बाजाराच्या एका कोपऱ्यावर अंगठ्याएवढ्या खळग्यात ती दाट, काळीहिरवी, गादीसारखी माजली होती. फळी तीच, खळ तीच, ओलावाही तोच. मग एवढ्याशा जागेवर तिचा इतका जीव का जडावा? तीन दिवस ती भिंगातून त्या खळग्याकडे बघत राहिली आणि तिच्या हाती काही लागलं नाही.

चौथ्या संध्याकाळी तिने हे घरी आत्याजवळ बोलून दाखवलं. डॉक्टरीणबाई आणि तिची आत्या, अशा दोघीच दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. आत्याचं वय चौऱ्याहत्तर. चार वर्षांची असताना गोवरात तिची दृष्टी गेली. त्याच शाळेत ती शिकली आणि पुढे पस्तीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बसली. आवाजावरून माणूस आणि पायरवावरून त्याचा मूड ओळखायची. त्या वेळी ती मटार सोलत बसली होती. नकाशाचं नाव निघालं आणि तिच्या हातातली शेंग हातातच राहिली.

“गुरुजींचा नकाशा? तो आहे अजून? आणि हे तू मला आज सांगतेस, ठमे?”

“दमून येते गं आत्या. राहून गेलं.”

“बरं, बुरशी कुठे म्हणालीस? स्टेशनकडून बाजारात शिरताना डाव्या हाताला, पहिला कोपरा?”

“हो. तुला कसं कळलं?”

आत्या एवढी हसली की मांडीवरचं ताट कलंडून दाणे जमिनीवर घरंगळले. “अगं, ते मिठाईचं दुकान! गुरुजी प्रत्येक दुकानाला त्याची खूण लावायचे. लोहाराकडे खिळा, शिंप्याकडे चिंधी. मिठाईवाल्याकडे खडीसाखर. दर सोमवारी खळीने खडे चिकटवायचे आणि बुधवारपर्यंत आम्ही दुकान साफ करायचो. बोट ओलं करायचं, टेकवायचं, तोंडात घालायचं. सगळी शाळा त्या दुकानाची गिऱ्हाईक!”

“आणि गुरुजी ओरडायचे नाहीत?”

“ओरडायचे की. पण सोमवारी पुन्हा चिकटवायचे. म्हणायचे, शहर शिकायचं तर दुकान कुठे आहे ते लक्षात राहायला हवं, आणि तुम्हाला एवढं एकच राहतं.”

दुसऱ्या दिवशी तपासणीत तेच निघालं. खळग्यातली खळ तळापर्यंत साखरेने मुरलेली होती. कोडं सुटलं, पण ज्या बाईला ते चाळीस सेकंदांत सुटलं तिला घरी बसवून ठेवण्यात अर्थ नाही, हेही डॉक्टरीणबाईला कळलं.

खरी पंचाईत पुढे होती. असलेली बुरशी मारणं अवघड नव्हतं. नकाशा कोरड्या हवेत ठेवायचा, तोंडाला मुखपट्टी बांधून मऊ ब्रशने आणि बारीक नळीच्या यंत्राने साय ओढून घ्यायची. पण रोज पन्नास हात लागणार म्हटल्यावर ती परत येणार, हे ठरलेलंच. तेव्हा तिने रस्त्यापलीकडच्या कॉलेजातल्या एका रसायनशास्त्रज्ञाला बोलावलं. त्यांच्या खिशात कायम पांढऱ्या पुडीची एखादी बाटली असायची, म्हणून विद्यार्थी त्यांना भुकटीवाले सर म्हणत. नाव त्यांना माहीत होतं आणि मान्यही होतं.

“ही जस्ताची भुकटी,” त्यांनी बाटली उजेडात धरली. “झिंक ऑक्साइड. मलमातही असते, पण ही तिच्यापेक्षा फार बारीक. एक केस घ्या. त्याच्या जाडीत यातले दोन हजार कण एका ओळीत सहज बसतील.”

“आणि बुरशीचं काय करते?”

“तिच्या पेशीच्या कवचाला भिडते, कवच कमकुवत करते. नेमकं कसं, यावर आमच्यात अजून भांडणं चालू आहेत. मारते एवढं खरं. चांदीची भुकटी याहून जालीम, पण ती कागद पिवळा करते. दुसरी एक आहे, तिला भरपूर ऊन लागतं. तुमच्या दालनात कुठलं ऊन?”

“मुलं बोटं तोंडात घालतात, सर. घालतातच. माझ्याकडे साक्षीदार आहे.”

भुकटीवाल्यांनी बाटली खाली ठेवली. “मग इतकी बारीक भुकटी सुटी ठेवायची नाही. कागदाला चालेल अशा पातळ डिंकात ती पकडायची, आणि ओल्या फडक्याने दोनशे वेळा घासून बघायचं. फडक्यावर नावापुरत्याहून जास्त जस्त आलं तर मीच नको म्हणेन.”

दोघं कामाला लागली. नकाशावरची बुरशी कापसाच्या बोळ्याने उचलून काचेच्या बश्यांमध्ये तिच्या आवडीच्या जेलीवर वाढवली. मध्ये भुकटी कालवलेल्या पाण्याचा एक थेंब टाकला. चार दिवसांनी सगळी बशी हिरवी झाली होती आणि थेंबाभोवती मात्र स्वच्छ मोकळं वर्तुळ होतं, कुणी लक्ष्मणरेषा ओढावी तसं. भुकटीवाले खूश झाले. मग गुरुजींच्याच पद्धतीने लगदा, सुतळी आणि खळ वापरून पत्त्याच्या पानाएवढे तुकडे तयार केले, त्यांतल्या निम्म्यांवर फवारा मारला आणि दोन्ही प्रकारचे काही तुकडे ओलसर डब्यात बुरशीचे बीजाणू शिंपडून ठेवले.

तीन आठवड्यांनी डबा उघडला तेव्हा दोघांचे चेहरे उतरले. न फवारलेले तुकडे तर गेलेच होते, पण फवारलेल्यांवरही बुरशी आली होती. सगळीकडे नाही, ठिपक्याठिपक्यांनी. गोवर आल्यासारखी.

“बशीत एवढी छान वागली,” भुकटीवाले डोकं खाजवत म्हणाले. “भुकटी तीच, बुरशी तीच. मग इथे काय बिनसलं?”

“जास्त घालून बघू या का?”

त्यांनी दुप्पट भुकटी घालून नवे तुकडे फवारले. सूक्ष्मदर्शकाखाली थर गुळगुळीत, एकसारखा दिसत होता. साहेबांपर्यंत बातमी गेली होतीच. त्यांनी सुताराला पाठवलं. सुतार आला, नकाशाची लांबीरुंदी मोजून काचेच्या पेटीसाठी कागदावर टिपून गेला.

नेमकी त्याच दिवशी आत्या पहिल्यांदा संग्रहालयात आली होती. नकाशाला हात लावायला मिळेल म्हणून ठेवणीतली साडी नेसून आली होती.

“आत्ता नाही, आत्या. अजून बुरशी आहे त्याच्यावर. छातीत जाईल तुझ्या.”

“मग हातमोजे दे.”

“हातमोजे घालून तुला काय कळणार?”

“तेही खरंच. तोंडाला फडकं बांधून जेवायला बसल्यासारखं,” म्हणत आत्या टेबलाशी बसली. फुरंगटलीच होती. बोटांना चाळा हवा म्हणून तिने समोरच्या ताटलीतले तुकडे ओढून घेतले. हे डब्यात न गेलेले, स्वच्छ तुकडे होते. काही फवारलेले, काही नाही. ती एकेकावरून तर्जनी फिरवत होती. डॉक्टरीणबाई आणि भुकटीवाले खिडकीपाशी प्रमाणांवर वाद घालत होते.

“ठमे,” आत्या मध्येच म्हणाली, “यातल्या काहींवर वाळू कशाला टाकलीयस?”

“वाळू नाही गं, कसलीच.”

“मग हे काय आहे? मांजराच्या जिभेसारखं?”

भुकटीवाले हसले. “आत्याबाई, त्यावर माझी भुकटी आहे. पण ती बोटाला कळणं शक्य नाही. केसाच्या दोन हजाराव्या भागाएवढा कण आहे तो.”

“असेल हो. तुमचा कण लहान असेल,” आत्या शांतपणे म्हणाली, “पण हे बोटही लहानपणापासून कामाला आहे.”

भुकटीवाल्यांना ते झोंबलं, आणि मग त्यांचं कुतूहलही चाळवलं. त्यांनी बारा तुकडे घेतले, सहा फवारलेले आणि सहा कोरे. पाठीमागे आकडे लिहिले आणि पत्त्यांसारखे पिसले.

“याला आमच्याकडे अंध चाचणी म्हणतात,” ते बोलून गेले आणि जीभ चावली.

“मग मला सवय आहे,” आत्या म्हणाली.

तिने सहा तुकडे डावीकडे ठेवले, सहा उजवीकडे. भुकटीवाल्यांनी पालथे करून आकडे पाहिले. बाराच्या बारा बरोबर. त्यांनी पुन्हा पिसले. पुन्हा बारा. तिसऱ्या वेळी त्यांनी खोलीतला पंखा बंद केला, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पुन्हा बारा.

“आणि अजून एक,” आत्या म्हणाली. तिला आता रंग चढला होता. “ही तुमची वाळूही सारखी पसरलेली नाही. या तुकड्यावर इथे आहे, इथे आहे, आणि इथे काहीच नाही. मसुरीच्या दाण्याएवढी मोकळी जागा. ही बघा, अजून एक.”

डॉक्टरीणबाई उठून टेबलापाशी आली. तिच्या मनात काहीतरी चमकून गेलं होतं, आणि ते विरून जायच्या आत पकडायला हवं होतं.

“आत्या, थांब. मोकळी जागा लागली की बोट तिथेच ठेव. मी पेन्सिलीने गोल काढते.”

दुपारभर दोघींचं हेच चाललं. आत्याचं बोट थांबायचं, डॉक्टरीणबाई त्याच्या टोकाभोवती नाजूक गोल काढायची. पाच तुकड्यांवर मिळून तेवीस गोल झाले. भुकटीवाल्यांनी ते भिंगाखाली पाहिले. गोलाच्या आत आणि बाहेर त्यांना काडीचाही फरक दिसला नाही. “दिसत तर नाही काही,” ते म्हणाले, पण या वेळी ते हसले नाहीत. पाचही तुकडे बुरशीच्या बीजाणूंसह ओलसर डब्यात गेले. डब्याचं झाकण चिकटपट्टीने बंद करून त्यावर तारीख लिहिली.

पुढचे अठरा दिवस फार सावकाश गेले. डॉक्टरीणबाई सकाळी आली की आधी डब्याशी जायची, न उघडता परत यायची. भुकटीवाले रस्ता ओलांडून दिवसातून दोनदा ‘सहज’ डोकावायचे. आत्या रोज रात्री जेवताना विचारायची, “उघडला?” आणि नाही म्हटलं की म्हणायची, “बुरशीला घाई नाही, तुम्हालाच आहे.”

एकोणिसाव्या दिवशी तिघांच्या समक्ष चिकटपट्टी काढली. डॉक्टरीणबाईने पहिला तुकडा चिमट्याने उचलला आणि खिडकीच्या उजेडात नेऊन धरला.

“काय झालं? अगं, सांग ना मला!” आत्या खुर्चीतून उठली.

“गोलांमध्ये आलीय,” डॉक्टरीणबाई म्हणाली. “आत्या, बरोब्बर तुझ्या गोलांमध्ये.”

तेवीस गोलांपैकी एकोणीस गोलांच्या आत हिरवट ठिपका उमटला होता. गोलाबाहेर सगळे मिळून फक्त दोन. भुकटीवाल्यांनी ठिपके पुन्हा एकदा मोजले.

दोन दिवसांनी त्यांनी एक तुकडा कॉलेजातल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घातला, आणि त्याचं चित्र घेऊन धावतच आले. चित्रात बारीक कण एकेकटे पसरलेले नव्हतेच. शेकड्यांनी, हजारांनी एकमेकांना बिलगून त्यांचे ढीग झाले होते, आणि दोन ढिगांमध्ये उघडं मैदान.

“गुठळ्या,” ते म्हणाले. “पिठल्यात होतात तशा. म्हणजे... कशातही होतात तशा. बशीतल्या जेलीत कण नीट पसरले, पण खरबरीत कागदावर पाणी वाळता वाळता ते एकत्र आले. आपण काय केलं? भुकटी वाढवली, म्हणजे गुठळ्याच वाढवल्या! आत्याबाईंना कण लागत नव्हता, हे ढीग लागत होते. आणि ढिगांमधल्या मोकळ्या जागेत बुरशी मजेत राहत होती.”

“मी तेच तर सांगत होते,” आत्या म्हणाली. “वाळू.”

साहेबांना ते तुकडे दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पेन्सिलीचे गोल आणि त्यांच्या आतले ठिपके ते बराच वेळ बघत राहिले. मग स्वतःचं बोट एका स्वच्छ फवारलेल्या तुकड्यावरून फिरवलं. पुन्हा फिरवलं, डोळे मिटून. त्यांना काही लागलं नसावं, कारण त्यांनी मान हलवली आणि दारातून जाताना एवढंच म्हणाले, “सुताराला सध्या थांबायला सांगा.”

मग उलटा प्रवास सुरू झाला. भुकटी निम्म्याहून कमी केली. मिश्रणात पाणी कमी आणि अल्कोहोल जास्त, म्हणजे ते झटपट वाळेल आणि कणांना गर्दी करायला वेळ मिळणार नाही. फवारण्याआधी बाटली एका यंत्रात ठेवायची. त्याच्या कानाला ऐकू न येणाऱ्या कंपनांनी गुठळ्या फुटतात. (“मला ऐकू येतंय,” आत्या म्हणाली. “डास असल्यासारखं.” यावर वाद घालण्याचं धाडस आता कुणी केलं नाही.) एका जाड थराऐवजी दोन विरळ थर. प्रत्येक नवी खेप झाली की आत्यापुढे बारा तुकडे ठेवले जायचे. आधी बारा बरोबर यायचे. मग अकरा. मग पुन्हा बारा, आणि भुकटीवाले निराश होऊन रस्ता ओलांडून परत जायचे.

सातव्या खेपेला आत्याला फार वेळ लागला. तिने तुकडे उचलले, ठेवले, गालाला लावून बघितले, अदलाबदल केली. शेवटी म्हणाली, “झालं.”

बारापैकी सात बरोबर, पाच चूक. पुन्हा पिसून दिले तेव्हा पाच बरोबर, सात चूक.

“छापा-काटा!” भुकटीवाले ओरडले. “आत्याबाई, तुम्ही नापास!” आणि आनंदाने डॉक्टरीणबाईचा हात हातात घेऊन तो गदागदा हलवू लागले.

आत्या मात्र बोटं साडीच्या पदराला पुसत होती. “सर्दी झाली असेल बोटांना,” ती पुटपुटली. घरी जाताना रस्ताभर बोटं चोळत होती. डॉक्टरीणबाईला मग कळलं की सत्तर वर्षांत पहिल्यांदा त्या बोटांनी हार खाल्ली होती, आणि भोवतीचे लोक टाळ्या पिटत होते.

“आत्या,” जिन्यात थांबून ती म्हणाली, “तुझं बोट थकलं म्हणून नव्हे, फरक उरला नाही म्हणून तू चुकलीस. मुलांनाही आता तो लागणार नाही. त्यांना नुसता नकाशा लागेल, गुरुजींनी केला तसा.”

आत्या दोन पायऱ्या चढली. “हं,” म्हणाली. आणखी दोन चढून म्हणाली, “पण आधीच्या सहा वेळा मीच जिंकले होते, हे कुठेतरी लिहून ठेव.”

सातव्या खेपेचे तुकडे डब्यात महिनाभर राहिले आणि जवळजवळ स्वच्छ बाहेर आले. ओल्या फडक्याने दोनशे वेळा घासूनही फडक्यावर जेमतेम मोजता येईल इतकंच जस्त आलं. साहेबांचे दोन महिने केव्हाच उलटून गेले होते, पण त्यांनी तारखेचा विषय काढला नाही. नकाशा साफ झाला, आधी एक कोपरा फवारून पंधरा दिवस पाहिला आणि मग सबंध फळीवर दोन विरळ थर चढले. मिठाईच्या दुकानातली साखरेने मुरलेली खळ खरवडून काढावी लागली. तिथे नवी साखर लावायची नाही, हे सांगताना डॉक्टरीणबाईला आत्याची समजूत घालावी लागेल असं वाटलं होतं. पण आत्या म्हणाली, “खळगा राहू दे. आम्ही खाल्लेलं आहे ते.”

आता मात्र तिला हात लावायला मिळाला. तिने हात धुतले, कोरडे केले आणि फळीच्या कडेला उभी राहिली. डावा हात टेकवला, मग उजवा, आणि दचकलीच.

“एवढासाच?” ती म्हणाली.

“का गं?”

“अगं, शाळेपासून स्टेशनला जायला मला पावलं टाकत फळीच्या या टोकापासून त्या टोकाला जावं लागायचं. नदीपर्यंत तर टाचा उंच कराव्या लागायच्या. आता उभ्या जागी सगळं गाव हाताखाली येतंय.” तिचे दोन्ही हात दोन्हीकडून निघाले आणि पुलावर, बटणांच्या रांगेवर एकमेकांना भेटले. ती एकेक बटण मोजू लागली. भुकटीवाले खिडकीबाहेर पाहू लागले.

दालन उघडलं त्या दिवशी शाळेची तीस मुलं आली. साहेबांनी स्वतः एक फलक लावून घेतला होता: ‘कृपया हात लावा’. खाली तेच ठिपक्यांच्या लिपीतही. मुलांना फलकाची गरजच नव्हती. क्षणात फळीच्या चारी बाजूंनी हात चढले. “इथे माझं घर!” “हट्, तो दवाखाना.” “उड्डाणपूल कुठाय?” एका मुलीने विचारलं, आणि आत्या म्हणाली, “तो झाला तेव्हा मी म्हातारी होते, आणि नकाशा माझ्याहून थोडाच लहान आहे. तू ये इकडे, तुला दाखवते तो कुठून जातो.” आणि दोघींची बोटं नसलेल्या पुलावरून चालत गेली.

डॉक्टरीणबाई दर महिन्याला नकाशा तपासत राहिली. वर्ष झालं, एक सबंध पावसाळा गेला. फळीच्या मागच्या कडेला, जिथे फवारा पोचलाच नव्हता, तिथे एक बोटभर बुरशी सापडली. बाकी काही नाही. वीस वर्षांनी काय होईल हे तिला माहीत नव्हतं, आणि तसं तिने अहवालात स्पष्ट लिहिलं. भुकटीवाल्यांनी त्यांच्या शोधनिबंधात आत्याच्या बारा तुकड्यांचं एक कोष्टक घातलं. तिला बोलवायला दुसऱ्या दोन प्रयोगशाळांमधून फोन आले. ती एकीत गेली. दुसरीत गेली नाही, कारण फोनवरचा आवाज तिला आवडला नव्हता.

एक दिवस दालनात आत्या मुलांबरोबर असताना कुणी डोळस बाई आपल्या मैत्रिणीला हळूच म्हणाली, “काय गं हे रंग!” ती पुढे निघून गेली. आत्याने तेव्हा काही दाखवलं नाही, पण संध्याकाळी घरी चहाचा कप हातात घेतल्यावर तिने विचारलं:

“ठमे, नकाशाला रंग आहेत?”

डॉक्टरीणबाई गोंधळली. एवढ्या महिन्यांत हे सांगायचं तिला सुचलंच नव्हतं. “आहेत ना. पण गुरुजींनी ते बघून थोडेच लावले! हाताला जे लागलं, मिळालं, ते वापरलं त्यांनी. कुणाचे जुने स्वेटर, कुणाचे सदरे.”

“नदी निळी आहे ना? मला निळा आठवत नाही, पण नदी निळी असते म्हणतात.”

“नदी लाल आहे, आत्या. भडक लाल.”

“लाल?” आत्याने कप खाली ठेवला. लाल तिला आठवत होता. चार वर्षांची होईपर्यंत जे दोन-तीन रंग पाहिले होते त्यातला तो एक. अंगणातली एक बादली लाल होती. “एवढी सगळी नदी? स्टेशनपासून पार बागेपर्यंत?”

“सगळी. आणि बाग जांभळी आहे. शाळेच्या भिंतींना चौकटीचौकटींचं कापड आहे, कुणाच्या तरी सदऱ्याचं.”

आत्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. ओठ हलत होते. बहुधा ती गल्लीगल्लीतून चालत निघाली होती. डॉक्टरीणबाईने पुढे सांगायला तोंड उघडलं, तसा आत्याने हात वर केला.

“थांब, थांब. सगळं एकदम सांगून टाकू नकोस. रोज एकेक रस्ता सांग.”